अडीच बोटं

चहा पुढ्यात आला की माणूस काय करतो? पितो. फार तर फुंकर घालतो, बशीत ओततो. आमचे घरमालक उठायचे. कप तसाच ठेवून, ज्यांच्या घरी गेलो असू त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचे, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि ज्या आचेवर तो चहा उकळला ती आच बघायचे. निळी असली तर हसतमुखानं परत येऊन चहा प्यायचे. पिवळी असली तरी प्यायचे, पण काढा प्यावा तसे, आणि निघताना यजमानांना म्हणायचे, "तुमचा स्टो हवा मांगून राहिला, बाप्पा. तुमाले ऐकू नाही येत काय?"

गल्लीतल्या बायकांना याची इतकी सवय होती की कोणी दचकायचं नाही. कोपऱ्यावरची एक म्हातारी तर त्यांना दारातच अडवायची. "बाबाजी, चूल पाह्यलेच आले तं चार लाकडं फोडून जा." ते फोडायचेही.

सक्करदऱ्याच्या तळ्यामागे त्यांचं कौलारू घर होतं, आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत मी पाच वर्षं राहिलो. मी साताऱ्याकडचा. नागपूरच्या एका पॉलिटेक्निकात शिकवायला आलो होतो, आणि पहिल्याच आठवड्यात माझी डावी भुवई गेली. पंपाचा स्टोव्ह पेटवताना मी आधी रॉकेल सोडलं आणि मग काडी शोधायला लागलो. एवढाच काय तो अपराध. भडका बघून बाबाजी धावत आले, एका हातानं स्टोव्हची किल्ली सोडली, दुसऱ्या हातानं मला मागे ढकललं, आणि सगळं शांत झाल्यावर विचारलं, "मास्तर, कॉलेजात तुमी शिकवता काय?"

"उष्णता," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या उरलेल्या भुवईकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आग कोनत्या पानावर हाय, मले दाखवजा एक डाव."

बाबाजींची सगळी नोकरी खापरखेड्याच्या बिजलीघरात गेली होती. बॉयलरला डोळा लावायला भोक असतं, त्यातून आत बघायचं आणि आग कशी जळते आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. "लोकं पैसे देऊन टाकीजमंदी पिक्चर पाह्यत," ते सांगायचे, "मी पगार घेऊन आग पाहो." इतकी वर्षं एकाच बाजूनं वाकून पाहिल्यामुळे त्यांच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा डाव्यापेक्षा दोन छटा काळा होता. उन्हात उभे राहिले की अर्ध्या चेहऱ्यावर कसली तरी सावली पडली आहे असं वाटायचं, आणि नवा माणूस वर बघायचा.

माणसंही ते आगीसारखी वाचत. फार बोलणारा, फार हसणारा, सभेत पुढची खुर्ची धरणारा माणूस पिवळा. "उजेड लय, आच नाही." निळा माणूस म्हणजे शाबासकी, आणि ती शाबासकी मी पाच वर्षांत तीनदाच ऐकली, त्यातली एक आमच्या पोस्टमनला होती. माझ्याबद्दल त्यांचं मत मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी मला दुखवलं नाही. म्हणाले, "तुमी अजून धुरावर हा, मास्तर. पेटान. घाई काहून करता?"

आता मावशी. बाबाजींच्या पत्नीला मी मावशी म्हणायचो. बाबाजींबद्दल काहीही सांगायचं तर मावशींच्या रोट्यांपाशी थांबावंच लागतं, कारण पुढचं सगळं त्या रोट्यांमुळेच घडलं.

नागपूरची लांब रोटी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणीक इतकी सैल भिजवायची की आमच्या आईनं ती टाकून दिली असती. मग ती परातीत आपटायची, आपटायची, आपटतच राहायची, तिला तार सुटेपर्यंत. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा, पदरासारखा पातळ, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या मडक्यावर सोडायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. मावशी रोटी सोडत तेव्हा त्यांच्या बांगड्यांचा आवाज आधी यायचा आणि रोटीचा मागून. समाजात लग्न असो, बारसं असो, निरोप यायचा: रोट्या तुमच्या हातच्या पाहिजेत. मावशी पाटावर बसल्या की आजूबाजूच्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. माणसाला एखाद्या कामात एवढा मान मिळालेला मी आमच्या प्राचार्यांच्या बाबतीतही पाहिला नाही.

आणि हे सगळं धुरात. उपड्या मडक्याखाली लाकडं कोंबायची, मडक्याच्या काठातून धूर येतो तो सरळ तोंडावर. मावशींचा खोकला माझ्या खोलीत ऐकू यायचा. डॉक्टरांनी अखेर स्पष्ट सांगितलं, धूर सोडा, नाहीतर आम्हाला बोलावू नका. मावशी घरी येऊन म्हणाल्या, "धूर सोडा म्हंते. म्हंजे रोट्या सोडा. तं मंग मी बसून करू काय? माळ वढू?"

दुसऱ्या दिवशी बाबाजींनी गॅससाठी अर्ज केला.

आमच्या भागात गॅस तेव्हा नवा होता. शेगडी आली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली. बाबाजींनी टोपी काढली (आग पेटवताना ते नेहमी टोपी काढत, देवळात जावं तशी), काडी लावली, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आच निळी होती, पण पसरट. मावशींनी मडकं उपडं ठेवलं. ज्योती बाहेरच्या बाजूला वळल्या, मडक्याच्या बगला लालबुंद, टाळू थंड. वर टाकलेली रोटी कडेला करपली आणि मध्ये ओल्या फडक्यासारखी पडून राहिली.

"ही आच गल्ली गरम करून राहिली," बाबाजी म्हणाले. "मडक्याले काय भेटलं? घंटा!"

तिथून त्या बर्नरचा ध्यास सुरू झाला. कल्पना सोपी होती, आणि मी शिकलेला असून मला सुचली नव्हती. पितळेची जाड कडी घ्यायची. भोकं बाहेरच्या बाजूला न पाडता आतल्या बाजूला पाडायची, तिरकी, वर बघणारी. म्हणजे चोवीस ज्योती एकमेकींकडे झुकतील, मडक्याच्या पोटात एका जागी येऊन भिडतील, आणि तिथून सगळी आच मिळून वर टाळूकडे जाईल. "अलग अलग जळून फायदा काय?" ते म्हणायचे. "भेटल्या पाह्यजेत. पन टाळूले भिडून नाही भेटाच्या. टाळूच्या चार बोटं खाली. भेटल्या का मंग छत्रीवानी उघडते आच, आन अख्ख्या डोक्यावर पसरते. टाळूलेच जाऊन भिडली तं मडकं तडकन."

चार बोटं. हे सगळं प्रकरण त्या चार बोटांवर उभं होतं.

भोकं किती तिरकी पाडायची ते ठरवायला मडक्याची आतली खोली नेमकी माहीत हवी. मावशी रोट्यांची मडकी जोडीनं घ्यायच्या: एक चुलीवर, एक माळ्यावर. बाबाजी काडी घालून दोन्ही मोजून बघत, आणि एकाच खोलीची मिळेपर्यंत कुंभाराचं डोकं खात. मावशींचं चुलीवरचं मडकं सात वर्षांचं होतं, आतून काळंभोर, आणि त्या ते कुणाला हात लावू देत नसत. माळ्यावरचं जुळं कोरं होतं. बाबाजींकडे त्या जोडीची काडी होती, पेरूच्या फांदीची, खोलीच्या मापाला खाच पाडलेली. ती घेऊन ते भोकं पाडून घ्यायला खराद्याकडे निघालेच होते, तेवढ्यात मी तोंड उघडलं.

"काडीनं कसं मोजता, बाबाजी? मी कॉलेजातून मोजायची साधनं आणतो. शास्त्रशुद्ध होऊ द्या."

ते थांबले. काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काडी कौलांच्या वाशात खोचली आणि मावशींना म्हणाले, "आता मास्तर मोजते वं. आपल्या काडीचं काय काम?" ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मला त्या दिवशी दोन्ही भुवया असल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी बाबाजी पितळेची कडी बघायला इतवारीत गेले होते आणि मावशी बाजारात. मी माळ्यावरचं कोरं मडकं खाली घेतलं. माझ्या खोलीत एक फिरतं स्टूल होतं, ड्रॉइंगच्या फळ्यापुढे बसायला मी हौसेनं घेतलेलं, स्क्रूच्या आट्यावर खाली-वर होणारं. मी मडकं त्या स्टुलावर ठेवलं, आतली खोली मोजली, वहीत लिहिली. इथं थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मला वाटलं, घेर सगळीकडे सारखा आहे का तेही बघावं. म्हणून मी एका हातात कॅलिपर धरला आणि दुसऱ्या हातानं स्टूल फिरवलं.

स्टूल चांगलं होतं. फार सुंदर फिरलं.

खापऱ्या मी पेरूच्या झाडाखाली पुरल्या आणि सायकल काढून कुंभारांच्या गल्लीत गेलो. खिशातून एक तुकडा काढून दाखवला. "असंच मडकं पाहिजे. अगदी असंच."

कुंभारानं तुकडा हातात घेऊन फिरवला आणि हसला. "सायेब, असंच तं मलेबी नाही जमत. हे घ्या, भाऊच हाय त्याचा."

भाऊ घेऊन घरी आलो, माळ्यावर ठेवण्याआधी मोजला. पहिल्यापेक्षा आत अडीच बोटं खोल निघाला. आता खरं तर वहीतलं पहिलं माप द्यायचं. पण मी विचार केला (शिकलेल्या माणसाचा हा मोठा दोष), बर्नर तपासणार ते या मडक्यावर. माप जुनं आणि मडकं नवं असलं तर आपली चोरी उघडी पडेल. म्हणून मी नव्याचं माप दिलं. मावशी रोज ज्यावर रोट्या करतात ते मडकं या गणितात कुठेतरी येणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर बॉयलर काढत होतो; फळ्यावरच्या बॉयलरपुढे कोणी उभं नसतं.

भोकं पाडून झाली. एका संध्याकाळी अंगणात बाबाजींनी माळ्यावरचं मडकं उपडं घातलं, टोपी काढली, काडी लावली आणि डोळे मिटले. ते आच आधी कानांनी ऐकायचे. चोवीस ज्योतींचा एकच बारीक, अखंड सूर येत होता. मग ते जमिनीला गाल टेकून आडवे झाले आणि काठाच्या फटीतून आत पाहिलं.

"भेटल्या," ते म्हणाले.

मावशींनी एक रोटी टाकली. कडेपासून मधोमधपर्यंत एकसारखी, सोनेरी ठिपक्यांची. धुराचा पत्ता नाही. मावशींचा पदर तोंडावर धरायला निघालेला हात अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो खाली घेतला. बाबाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, निम्मा निळा झाला तुमी!"

निम्मा. मी त्या रात्री छान झोपलो, ही गोष्ट मला आजही लाजवते.

दसरा आला. दीक्षाभूमीवर जायला गावोगावची माणसं नागपुरात उतरतात तेव्हा आमचं अंगण माणसांनी भरून जायचं. बाबाजी आणि मावशी छप्पन साली त्या मैदानात होते. मावशींनी त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं अजून पेटीत होतं, आणि दसऱ्याला ते उन्हात घालायचं असा नेम होता. (खोली घेतली तेव्हा मी आईला पत्रात तळं कळवलं होतं, पेरूचं झाड कळवलं होतं, भिंतीवर कोणाची तसबीर आहे ते कळवायला मला सहा महिने लागले. माझ्या सगळ्याच चुका मडक्याच्या नव्हत्या.) त्या वर्षी भिवापूरहून मावशींचे भाऊ आले, सोबत मिरच्यांचं पोतं आणि वीसेक माणसं. रोट्या बर्नरवर होणार ही बातमी आधीच पोचलेली होती.

"काय भाऊजी," मावशींचे भाऊ अंगणातल्या पितळी कडीभोवती फिरत म्हणाले, "रोट्या खाऊ घालता का इमान उडवता?"

"गप बस गा," बाबाजी म्हणाले. "जेवताना बोल."

"जेवाले भेटलं तं बोलीन नं!"

सगळे हसले. आणि मावशी आतून बाहेर आल्या, त्यांच्या हातात त्यांचं ते सात वर्षांचं काळं मडकं.

"अवं, कोरं घे नं," बाबाजी म्हणाले.

"पाहुन्याइच्या रोट्या कोऱ्या मडक्यावर? काही बोलता तुमी बी." त्यांनी ते उपडं घातलं. "एका मायचेच तं हायेत दोघं. तुमीच मोजले."

मी तीन हातांवर उभा होतो. मला माहीत होतं. सगळ्या घरात एकट्या मला माहीत होतं की ते दोघं एका मायचे नाहीत, आणि चार बोटांतून अडीच गेली की काय उरतं. मी मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. मग म्हटलं, आता बोललो तर वीस पाहुण्यांपुढे. मग काही म्हटलं नाही.

पहिली रोटी निघाली. मध्ये किंचित काळसर. दुसरी निघाली, टाळूवर भोक पडलेली. मावशींनी मान वाकडी करून मडक्याकडे पाहिलं, बाबाजींनी डोळे मिटले. त्यांना सुरात काहीतरी वेगळं ऐकू आलं असावं. ते किल्लीकडे वाकले आणि त्याच क्षणी "टण्ण" असा आवाज झाला, आणि मडकं टाळूपासून काठापर्यंत उभं उकललं.

मावशींच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तिसरी रोटी झुलत होती. ती टाकायला जागाच नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पुढे करून, आणि रोटी हळूहळू लांबत लांबत जमिनीला टेकली.

कोणी हसलं नाही. भिवापूरवाले भाऊसुद्धा.

"माहा हिशेब चुकला," बाबाजी म्हणाले. टोपी त्यांच्या हातातच होती.

मग विटा आल्या, लाकडं आली, माळ्यावरचं कोरं मडकं चुलीवर चढलं, आणि मावशींनी धुरात बसून सगळ्या पाहुण्यांच्या रोट्या केल्या. प्रत्येक रोटीमागे खोकला. पंगत माना खाली घालून जेवली. मीही चार रोट्या खाल्ल्या. हे लिहायला नको होतं, पण खाल्ल्या.

पाहुणे गेले. बाबाजींनी बर्नर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. मावशींना एका लग्नाचं बोलावणं आलं, त्यांनी नाही म्हणून कळवलं. मला वाटलं, हळूहळू सगळं जागेवर येईल. एके सकाळी बाबाजी माझ्या खोलीत आले. मी चहा केला होता, माझ्या त्या भुवईखाऊ स्टोव्हवर, आणि तो भकाभका पिवळा जळत होता. मी कप पुढे केला. त्यांनी तो घेतला, स्टोव्हकडे मान न वळवता सरळ तोंडाला लावला आणि पिऊन टाकला.

इतक्या वर्षांत मी त्यांना आच न बघता चहा पिताना पाहिलं नव्हतं. तुम्हाला ही फार छोटी गोष्ट वाटेल. मी स्टोव्हची किल्ली सोडली.

"बाबाजी," मी म्हणालो, "तुमचा हिशेब चुकला नव्हता."

आणि सगळं सांगितलं. स्टूल, कुंभार, वही, पेरूचं झाड. खाली बघूनच सांगितलं. वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

"किती म्हनले?"

"अडीच बोटं. नवं जास्त खोल आहे."

"थांबा." ते उठले, वाशातली काडी ओढून काढली, मागच्या दारी पालथं पडलेलं ते नवं मडकं उचललं आणि काडी आत घातली. खाच काठाच्या आत गेली. त्यांनी बोटं लावून पाहिली. एक, दोन, अर्धं. पुन्हा मोजली. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. खरं सांगतो, तो मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

बाबाजी अनवाणी अंगणात धावले. "अवं! बाहीर ये वं! बर्नर बरोबर होता! मडकं चुकीचं होतं, बर्नर बरोबर होता वं!" त्यांनी मला मिठी मारली. मला! "मास्तर, अडीच बोटं! म्हंजे आच जिथं सांगतली तिथंच भेटली! एक सूत इकडंतिकडं नाही!"

मावशी दारात आल्या. पीठ लागलेले हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नवरा नाचत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कोरं मडकं फुटलं तं फुटलं. माहंबी फुटलं, तेबी मातीचंच होतं. पन सांगतलं काहून नाही? त्या दिवसापासून माहा मानूस चहा पाहून नाही पेला."

 

मग मावशी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तुमी काहून नाचून राहिले जी? बर्नर बरोबर म्हंता. मडकं काय कारखान्यातून येते? उद्या आनखी एक आनीन, ते एक बोट कमी भरन. परवा फुटन, मंग दुसरं. दरवेळी नवा बर्नर करान का?"

बाबाजी नाचायचे थांबले. ते मडक्याकडे बघत राहिले, मग काडीकडे, मग का कोण जाणे माझ्या खोलीच्या उघड्या दाराकडे. आत फिरतं स्टूल उभं होतं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तो तुमचा स्टूल वरखाली होते नं?"

माझी शिक्षा ती. स्टुलाची फळी निघाली, आटा बर्नरखाली बसला, आणि पुढची दीड वर्षं मी ड्रॉइंग जमिनीवर पालथं पडून केलं. पण मडकं कसंही असो, दोन आटे वर, तीन आटे खाली, आच बरोबर टाळूच्या चार बोटं खाली येऊन भेटायची. मावशी ते कानानं लावायला शिकल्या. लग्नाच्या बोलावण्यांना पुन्हा हो जायला लागलं; फक्त आता टांग्यात मडक्याशेजारी सिलिंडर असायचं आणि त्याला धरून बाबाजी, टोपी मांडीवर. लग्नघरी त्यांना सगळे हार घालायला बघायचे. ते आधी आचाऱ्याच्या भट्ट्या वाकून बघून यायचे.

मी पुढे बदलून गेलो. संसार झाला. पत्रं आधी महिन्याला, मग वर्षाला. बाबाजी गेल्याचं पत्र मला उशिरा मिळालं, पत्ता बदलला होता. त्यानंतरच्या दसऱ्याला मी नागपूरला गेलो. तळं तिथंच होतं, पेरूही होता. अंगणात पाहुणे, दोरीवर पांढरं लुगडं. मी ओट्यावर टेकलो, कोणी ओळखलं नाही. आतून सुनेचा आवाज आला (ती मला पत्रांतूनच माहीत होती):

"माय, मास्तर लय वर चढला!"

मी दचकून उभा राहिलो. म्हटलं, आता काय केलं मी?

"दोन आटे खाली घे त्याले," मावशींचा आवाज, थकलेला पण खणखणीत. खोकल्याचा लवलेश नाही. "त्याच्यावर ध्यान ठेवा लागते. नाई तं मडकं फोडते तो."

बर्नरखालच्या त्या आट्याला घरात मास्तर म्हणत होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही. माझं नाव विज्ञानात जिथं कुठं लागलं असेल ते तेवढंच, आणि बाबाजींनीच ठेवलं असणार.

मावशींनी बाहेर येऊन मला पाहिलं, कपाळावर हात धरून निरखलं आणि माझ्या डाव्या भुवईकडे बघून हसल्या. सुनेला चहा टाकायला सांगितला. कप माझ्यापुढे आला. वाफ येत होती, लांबून आलो होतो, तहान लागली होती.

मी कप तसाच ठेवला, उठलो, आत गेलो आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकलो.

"कशी हाय?" मागून मावशींनी विचारलं.

"निळी," मी म्हणालो, आणि परत येऊन चहा प्यालो.